कशेळी पुलाच्या दोन्ही बाजूंचं डिझेल : रुपयांचा फरक गेला, पैशांचा उरला

नारपोली (भिवंडी) : एकाच रस्त्याला दोन पंप, मध्ये दोन-तीन किलोमीटरचं अंतर, आणि भावात काही पैशांचा फरक. अंजूर फाटा, नारपोली, काल्हेर, कशेळी या पट्ट्यात रोज गाडी हाकणाऱ्याला हे नवीन नाही. 'पंपवाला वरचे पैसे खातो' असं सरसकट बोललं जातं. पण सरकारी कंपन्यांच्या पंपावरचा भाव पंपमालक ठरवतच नाही. तो रोज सकाळी सहा वाजता कंपनीकडून येतो. 16 जून 2017 पासून देशभर हीच पद्धत आहे. त्याआधी भाव महिन्यातून दोनदा, 1 आणि 16 तारखेला बदलायचे. पंपमालकाला प्रत्येक लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं, तेवढाच त्याचा वाटा. मग हा फरक येतो कुठून?

पहिलं कारण कर. पेट्रोल आणि डिझेल जीएसटीत नाही. केंद्र आपलं उत्पादन शुल्क घेतं आणि त्यावर राज्य आपला व्हॅट लावतं. महाराष्ट्राने हा व्हॅट बरीच वर्षं सगळीकडे सारखा ठेवला नव्हता. मुंबई, ठाणे, नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत डिझेलवर 24 टक्के, तर भिवंडीसह ग्रामीण भागात 21 टक्के. पेट्रोलवर तिकडे 26, इकडे 25 टक्के. भिवंडी-निजामपूर महापालिका वेगळी, त्यामुळे नारपोली स्वस्त बाजूला पडायची. मध्ये फक्त खाडी. पुलापलीकडे बाळकुमला गेलं की ठाणे महापालिका लागते, आणि तिथे त्याच डिझेलला तीन टक्के जास्त कर.

तीन टक्के म्हणजे किती? व्हॅट लागण्याआधी डिझेल साधारण 74 रुपये लिटर पडत होतं. त्याचे तीन टक्के म्हणजे दोन रुपयांच्या वर. दोनशे लिटरची टाकी भरणाऱ्या ट्रकवाल्याला एका फेरीत चारशे रुपयांचा फरक. गोदामातून माल भरून ठाण्याच्या दिशेने निघणाऱ्याने टाकी पुलाच्या अलीकडेच भरावी, हा तेव्हा सरळ हिशेब होता. इकडच्या पंपांनाही त्यामुळे गिऱ्हाईक मिळायचं.

28 जून 2024 ला अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्प मांडताना हा भेद काढून टाकला. 1 जुलै 2024 पासून तिन्ही महापालिकांत डिझेलवर 21 आणि पेट्रोलवर 25 टक्के झाले. मुंबईत डिझेल 92.15 वरून 89.97 वर आलं, पेट्रोल 104.21 वरून 103.44 वर. बातम्या आल्या की 'डिझेल स्वस्त झालं'. स्वस्त झालं ते शहरात. भिवंडी, शहापूर, मुरबाड, वाडा इथल्या शेतकऱ्याला त्या दिवशी एक पैसाही कमी लागला नाही, कारण त्याचा दर आधीपासूनच 21 टक्के होता. चिखलणीला ट्रॅक्टर लावायच्या दिवसांत ही बातमी वाचून कॅन घेऊन पंपावर गेलेल्याला भाव तोच दिसला असेल, तर त्यात पंपाची लबाडी नव्हती. निर्णय विधानसभा निवडणुकीला चार-पाच महिने असताना आला आणि फायदा कुणाच्या पदरात पडला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

म्हणजे आज पुलाच्या दोन्ही बाजूंना कर सारखा आहे. तरी पैशांत फरक दिसतो, तो मुख्यतः वाहतुकीचा. टँकर डेपोतून पंपापर्यंत येतो, त्याचं भाडं त्या पंपाच्या भावात धरलेलं असतं. दोन कंपन्यांचे डेपो वेगळे असू शकतात, म्हणून समोरासमोरच्या दोन पंपांचाही भाव जुळत नाही. या भाड्यावर परत व्हॅट लागतो. डिझेलला भाडं एक रुपया जास्त पडलं तर पंपावर 1 रुपया 21 पैसे मोजावे लागतात, पेट्रोलला सव्वा रुपया. लांबच्या तालुक्याला रस्ता लांब, आणि त्या लांबीवर करही जास्त.

याचं मोठं उदाहरण परभणी. राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून परभणीचं नाव कितीदा तरी बातमीत आलं. कर तोच, कंपन्या त्याच. पण माल येतो मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटरवरून. त्या मानाने भिवंडीकर नशीबवान. माहुल-चेंबूरला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या दोन्ही कंपन्यांच्या रिफायनऱ्या आहेत, हाकेच्या अंतरावर म्हणता येईल. बरं, कंपन्या एकमेकींकडूनही माल उचलतात. त्यामुळे 'अमक्या कंपनीचं डिझेल वेगळं' हा वाद साध्या डिझेलपुरता तरी पोकळ आहे. पॉवर, स्पीड, एक्सपी 95 अशा नावांनी मिळणारं पेट्रोल मात्र वेगळं आणि काही रुपयांनी महाग असतं. पंपावरचा मुलगा न विचारता ते सोडतो आणि गिऱ्हाईक घरी जाऊन म्हणतं, या पंपाचा भाव जास्त आहे. नोझल उचलायच्या आधी 'साधं' म्हणून सांगितलेलं बरं.

खासगी पंपांचं गणित निराळं. नायरा, जिओ-बीपी, शेल यांना आपला भाव ठेवायची मोकळीक आहे. 2022 मध्ये कच्चं तेल भडकलं तेव्हा सरकारी कंपन्यांनी भाव रोखून धरले आणि खासगी पंप महाग पडू लागले. पुढच्या वर्षी, 2023 च्या उन्हाळ्यात, उलटं झालं. काही खासगी पंप सरकारी भावापेक्षा रुपयाने स्वस्त विकत होते. मार्च 2022 मध्ये तर आणखी गंमत झाली. घाऊक डिझेल मुंबईत 122 रुपयांवर गेलं आणि पंपावर तेच 94 रुपयांना मिळत होतं. मग एसटीसारखे मोठे ग्राहकही साध्या पंपावर रांगेला आले.

राज्याच्या सीमेवरचा फरक आजही मोठा आहे, पण त्यातही एक मेख आहे. तलासरीच्या पुढे आच्छाड ओलांडून भिलाडला गेलं की गुजरात. 2025 मध्ये मुंबईत पेट्रोल 103.50 च्या आसपास होतं, अहमदाबादला 95 च्या आत. आठ रुपयांवर फरक. डिझेल मात्र दोन्हीकडे 90 च्या घरात. 'गुजरातला जाऊन टाकी भरू' हा सल्ला अजून फिरतो, पण डिझेलच्या गाडीला त्यात आता फारसं काही उरलेलं नाही. पेट्रोलवर आपल्याकडे 25 टक्क्यांवर आणखी 5 रुपये 12 पैसे लिटरमागे घेतले जातात. तो जादा भार आजही मोटरसायकलवाल्याच्या डोक्यावर आहे. तीन शहरांचा दर खाली आला तेव्हा त्या 5 रुपये 12 पैशांना कुणी हात लावला नाही.

आता नारपोलीतल्या छोट्या टेम्पोवाल्याचा हिशेब. समजा पुढच्या पंपावर डिझेल 20 पैशांनी स्वस्त आहे. 40 लिटर घेतलं तर वाचले 8 रुपये. गाडी लिटरला 10 किलोमीटर देत असेल तर प्रत्येक किलोमीटरला 9 रुपयांचं डिझेल जळतं. मुद्दाम वाट वाकडी करून एक किलोमीटर जाऊन परत आलं तर 18 रुपये गेले. अंजूर फाट्याच्या कोंडीत इंजिन चालू राहतं ते धरलंच नाही. वाटेतच असेल तर भरावं, नाहीतर पैशांच्या फरकामागे धावण्यात तोटाच.

खरा पैसा जातो मापात. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंत कमी-जास्त नियमात चालतं. म्हणजे लिटरला 5 मिलिलिटर. 90 रुपये भावाने ते 45 पैसे होतात. शेजारच्या पंपाशी असलेल्या फरकाच्या दुप्पट पैसे नियमाच्या आतच इकडे-तिकडे होऊ शकतात. नियमाबाहेर गेलं तर विचारायलाच नको. 2017 मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यात ठिकठिकाणी पंपांवर छापे घातले, तेव्हा मशीनमध्ये चिप बसवून कमी माप दिल्याचं उघड झालं होतं. फलकावरचा भाव बरोबर, मशीनवरचा आकडा बरोबर, टाकीत मात्र तेल कमी.

प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. कॅनवर छापलेल्या खुणा त्यासाठी चालत नाहीत, त्या कंपनीने अंदाजाने मारलेल्या असतात. डिझेलची घनता तपासून मागायचाही हक्क आहे. ती त्या दिवसाच्या नोंदीशी जुळली पाहिजे. भावाबद्दल शंका असेल तर इंडियन ऑइलच्या पंपासाठी इंग्रजीत आरएसपी, मग जागा सोडून पंपाचा डीलर कोड लिहून 9224992249 वर मेसेज करता येतो. कोड पंपावर लिहिलेला असतो. माप दाखवायला नकार मिळाला तर पावतीवरचा दिवस, वेळ आणि मशीनचा नंबर घेऊन तक्रार वैधमापन कार्यालयाकडे करायची. पावती मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही, ती आधी मागून घ्यावी.