हलकीं धान्यें व घरचा शिधा

गोंदिया जिल्हा हा तांदुळाचा जिल्हा होय. वैनगंगा, बाघ व चुलबंद यांच्या कांठच्या बांध्यांत धानावांचून दुसरें पीक मनांतच येत नाहीं, आणि जें शेतांत तेंच पानांत, हें ओघानेंच आलें. त्यामुळें खर्चाची ओढाताण झाली कीं भाताचें पातेलें थोडें मोठें करावयाचें व डाळीचें थोडें लहान करावयाचें, अशी एक सोपी रीत घरोघर पडून गेली आहे. या रीतीनें पोटें भरतात व त्या दिवशींचा पैसाही वांचतो. पण हिला काटकसर म्हणावें काय, याविषयीं आम्हांस मोठी शंका आहे. स्वस्त धान्यावर संसार रेटणें यांत कमीपणा कांहींच नाहीं. मात्र कोणतें धान्य, कोणत्या रूपांत व कशाच्या जोडीनें खावयाचें, हें ठरविल्यावांचून केलेली बचत पुढें दुसऱ्या वाटेनें निघून जाते.

प्रथम तांदुळाचा हिशेब पाहूं. माणशीं दररोज ४०० ग्रॅम तांदूळ धरल्यास सहा माणसांच्या घरास सालीना सुमारें ८७६ किलो लागतो. सरकारी भरडाईंत एक क्विंटल धानाचा ६७ किलो तांदूळ धरतात. त्या मानानें घरचें खाणें म्हणजे तेरा क्विंटल धान झालें. सन २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठीं साधारण धानाचा हमीभाव क्विंटलमागें २,३६९ रुपये ठरला होता. म्हणजे घरीं ठेवलेल्या धानाचा तांदूळ, भरडाई वगळतां, किलोमागें पस्तीस रुपयांच्या आसपास पडतो, आणि कोंडा गुरांस राहतो तो निराळाच. असें असतां खळें उठतांच कणगी झाडून सर्व धान विकणारे व पुढें आठ महिने दुकानांतून किलो-दोन किलो तांदूळ आणणारे शेतकरी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. देणेकऱ्याचा तगादा असतो, हें आम्ही जाणतों. तथापि विकण्याच्या गोण्या मोजण्यापूर्वीं खाण्याच्या तेरा गोण्या बाजूस काढाव्या. बारीक धानास भाव चांगला येतो तें बाजारास द्यावें व घरीं जाडें ठेवावें. पाहुण्यांपुढें जाडा भात वाढण्याची लाज वाटते म्हणून वर्षभर महाग तांदूळ शिजविणें हा शौक लहान शेतकऱ्यास परवडणारा नव्हे.

कणकीविषयीं तर आमच्या लोकांचा गैरसमजच आहे. तुटलेला दाणा हा कांहीं निकस दाणा नव्हे. अख्ख्या तांदुळांत जें सत्त्व तेंच त्यांत, फक्त भाव उतरता. कणकीची पेज, अंबील किंवा ताकांतल्या कण्या, आणि तिच्या पिठाची भाकर, हीं खाणीं आपल्या आजी-पणजीस ठाऊक होतीं. आतां कोंबड्यांच्या खाद्यास व इथेनॉलच्या कारखान्यांस ती हवी असते. सप्टेंबर २०२२ मध्यें तर केंद्र सरकारनें तिची परदेशी निर्गतच बंद केली होती. परक्यास जिची इतकी किंमत कळली, ती गिरणीवाल्याकडे सोडून येण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. भरडाई करून आणतांना आपली कणकी व कोंडा मागून घ्यावा.

दुसरी गोष्ट पॉलिशची. तांदूळ जितका पांढरा तितका चांगला, ही समजूत गिरण्यांनीं रुजविली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांत आइकमान नांवाच्या डच डॉक्टरास असें दिसून आलें कीं, निव्वळ सडीक तांदुळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात व कोंड्यासह तांदूळ दिला कीं त्या बऱ्या होतात. बेरीबेरीचें मूळ त्यावरूनच उमगलें, व १९२९ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. उकडा तांदूळ यापासून बराच वांचतो. कारण धान भिजवून वाफवितांना सालीतील सत्त्व दाण्यांत उतरतें व मग सडल्यानेंही तें पुष्कळसें टिकतें. ज्या घरीं मुख्य खाणें भातच, तेथें उकडा किंवा कमी सडलेला तांदूळ असावा, आणि भाताची पेज मोरींत न ओततां प्यावी. यास एक पैसाही लागत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा डाळीचा. तांदुळांत प्रथिनें शंभरांत सात-आठ भागच असतात व तींही एका अंगानें उणीं. डाळींत तीं बाविसांच्या घरांत असून भाताचें उणें भरून काढतात. म्हणून वरण-भात ही जोडी आहे, आणि जोडींतील वरण काढून घेऊन भात वाढविणें म्हणजे एका बैलावर नांगर धरणें होय. माणशीं ५० ग्रॅमप्रमाणें सहा माणसांस वर्षाची डाळ सुमारें एक क्विंटल दहा किलो लागते. ही विकत घ्यावयाची म्हणूनच ती महाग. पूर्वीं ती विकत कोण घेत होतें? धुऱ्यावर तूर असे, आणि धान कापणीस येण्यापूर्वीं पंधरवडाभर आधीं, बांधींत ओल असतांना, उभ्या पिकांत लाखोळी, जवस, हरभरा यांचा उतेरा टाकीत. नांगरट नाहीं, खत नाहीं, पाणी नाहीं. धानाच्याच ओलीवर घरची डाळ व घरचें तेल पिकत असे.

हा उतेरा मोडण्यास तीन कारणें झालीं. हार्वेस्टरच्या चाकांखालीं कोंवळीं रोपें चिरडतात. मोकाट गुरें दिवाळीनंतर शिवारभर फिरतात. आणि लाखोळीवर १९६१ पासून विक्रीची बंदी आली, ती महाराष्ट्रांत २००८ सालीं उठली. ती बंदी अगदींच निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं. टंचाईच्या वर्षीं महिनेच्या महिने लाखोळीच मुख्य अन्न झाली म्हणजे तिच्यांतील विषानें पाय लुळे पडतात, व ते पुन्हा सुधारत नाहींत. परंतु भाताबरोबर थोडी डाळ म्हणून खाणें व भाताऐवजीं पोटभर तीच खाणें यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. कमी विषाचे रतन, प्रतीक व महातिवडा हे वाणही आतां निघाले आहेत. तेच पेरावे; डाळ गरम पाण्यांत भिजवून तें पाणी टाकून द्यावें, आणि तूर, मूग यांशीं आलटून-पालटून शिजवावी. गरिबाची डाळ म्हणून तिची थट्टा करणाऱ्यांनीं तिच्यांत प्रथिनें शंभरांत पंचविसांहून अधिक आहेत, हेंही ध्यानांत घ्यावें.

देवरी, सालेकसा या बाजूच्या गोंड बांधवांनीं कोदो-कुटकी सोडली नाहीं, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी असलें पाहिजे. हलक्या, उतरत्या बरड जमिनींत, जेथें धान रडत उभें राहतें, तेथें हीं धान्यें थोड्या पावसावर येतात, आणि कोदो नीट वाळवून ठेवल्यास वर्षानुवर्षें किडत नाहीं. आठवड्यांतून दोन-तीन रात्रीं भाताऐवजीं कोदो शिजविल्यास तांदुळाचीही बचत होते, व मधुमेह जडलेल्या वडील माणसांसही तो भातापेक्षां सोसतो. मात्र कापणीच्या वेळीं पावसांत सांपडलेला, बुरशी धरलेला कोदो कदापि खाऊं नये व गुरांसही घालूं नये. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस शेजारच्या मध्य प्रदेशांत बांधवगडच्या जंगलांत दहा हत्ती असा कोदो खाऊन मेले. जेथें हत्ती टिकला नाहीं तेथें माणसाचा काय पाड!

शिंगाडा, सुरण, अळकुड्या, रताळीं यांचें येथें नुसतें स्मरण देतों. मालगुजारी तलावांतील शिंगाडा आपल्याच दारचा असून आपण तो उपवासापुरताच ओळखतों. उकडून, वाळवून, दळून ठेवल्यास तो भाकरीच्या पिठांत चालतो.

एक गोष्ट लिहिणें संकोचाचें आहे, तरी लिहितों. घरांत काटकसर सुरू झाली म्हणजे ती सर्वांच्या पानांत सारखी पडत नाहीं. वरण प्रथम पुरुषांस, मग मुलांस, आणि शेवटीं बसणाऱ्या बाईच्या वांट्यास भात, मीठ व पातेल्याच्या बुडाचें पाणी. रोवणींत दिवसभर चिखलांत वांकून राहणारी तीच असते. डाळ कमी असेल तर ती वाढण्यापूर्वीं वांटून घ्यावी, व घरच्या धन्यानेंच ही चाल पाडावी. सुनेनें स्वतः मागून घ्यावें, अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे.

उतेऱ्याचें काम एकट्यादुकट्यानें होणार नाहीं. एकाच्या बांधींत लाखोळी व भोंवतीं सर्व मोकळें, तर गुरें तीच शोधीत येतील. म्हणून गांवांतील सभासदांनीं पोळ्यापूर्वींच बसून एक सलग चक ठरवावा, त्यांतील धान विळ्यानें कापण्याचें ठरवून मजुरांस तसें आधीं सांगून ठेवावें, आणि त्या शिवाराची राखण होळीपर्यंत वर्गणीनें करावी. बियाण्याची मागणी एकत्र आल्यास कमी विषाचे वाण मिळविणें संस्थेसही सोपें जाईल.