टाके निघाल्यानंतर

चढाईच्या ऐन क्षणी पाय मैदानात रुतलेला असताना धड वळते, गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज होतो आणि होतकरू कबड्डीपटू खाली बसतो. मग शस्त्रक्रियेची तजवीज करताना घरची मंडळी प्रसंगी दागिने गहाण टाकतात, परंतु टाके निघाल्यावर जो व्यायाम महिनोगणती चालावयाचा, त्यासाठी रिक्षाचे भाडेही त्यांना जड वाटू लागते, याचे मला फार वाईट वाटते.

या शस्त्रक्रियेत मांडीच्या मागच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा भाग काढून तो बहुधा तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसविला जातो. या कलमाचा रक्तपुरवठा तुटलेला असल्यामुळे त्यातील मूळ पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या सावकाश आत शिरतात, आणि या संक्रमणकाळात, म्हणजे साधारणतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, ते सर्वांत दुर्बल असते. नेमक्या याच सुमारास सूज ओसरलेली असते, जिना चढता येऊ लागतो आणि आपण बरे झालो अशी रोग्याची खात्री पटते.

सुरुवातीचे दिवस तर त्याहून मोलाचे. सांध्यातील सुजेमुळे मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला जणू मनाई हुकूम देते. रोगी कितीही इच्छा करो, स्नायू आवळत नाही आणि पाहता पाहता मांडी रोडावते. अशा वेळी आई मायेने गुडघ्याखाली उशी सरकविते, आणि त्या सुखकर वाकलेल्या स्थितीत गुडघा पुरता सरळ होण्याचेच विसरतो! उशी काढून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी द्यावी, मांडी आवळून गुडघा खाली दाबावा, पाय सरळ ठेवून उचलावा, हे क्षुल्लक दिसणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली दिवसातून अनेकदा करावे लागतात.

पुनरागमनाची घाई किती महाग पडते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासाने दाखविले आहे: नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवावा, तितका प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचा संभव सुमारे निम्म्याने घटतो. शिवाय दुखऱ्या पायाची ताकद धडधाकट पायाच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे.

म्हणून रुग्णालयातून सुटीच्या वेळी मिळणाऱ्या कागदावर गोळ्यांइतक्याच सक्त शब्दांत व्यायामाचे वेळापत्रक मुदतवार लिहिलेले असावे, आणि संघाच्या व्यवस्थापकांनी ताकदीचा दाखला पाहिल्यावाचून त्या खेळाडूचे नाव यादीत घालू नये, असा माझा आग्रह आहे.

— आरोग्यसेवक