बुचोसानबरोबरचं युगलगीत

पुण्याहून जपानला ऑनसाइट निघालेल्या मंडळींची एक मेल मला अधूनमधून येत असते. मजकूर साधारण ठरलेला. जपानी शिष्टाचाराच्या वर्गात शिकवलंय म्हणे, की जेवणानंतर काराओके होतं, तिथे ऑफिसातल्या एखाद्या बाईबरोबर जपानी प्रेमाचं युगलगीत गायलंत की साहेब खूश, क्लायंट खूश. तेव्हा चार-पाच गाणी सुचवा.

सुचवतो. गाणी खरंच छान आहेत. सल्ला मात्र तद्दन वाईट आहे, आणि तो देणाऱ्याने जपानी ऑफिसातली संध्याकाळ फक्त पाहुण्याच्या खुर्चीत बसून पाहिलेली असणार.

आधी गाणी. सगळ्यांचं आजोबा म्हणजे १९६१ सालचं 'गिन्झा नो कोइ नो मोनोगातारी', म्हणजे गिन्झातली प्रेमकहाणी. गायलंय इशिहारा युजिरो आणि माकिमुरा जुन्को यांनी. युजिरो म्हणजे त्या काळचा सिनेमातला देखणा हिरो. (पुढे टोकियोचे गव्हर्नर झालेले इशिहारा शिन्तारो हे त्याचे थोरले भाऊ.) या गाण्याचं लाडकं नाव 'गिन्कोइ', आणि पन्नाशी ओलांडलेल्या जपानी माणसाला ते येत नाही असं सहसा होत नाही. मग १९८२ सालचं 'सान्नेन्मे नो उवाकी', लग्नाच्या तिसऱ्या वर्षातलं नवऱ्याचं लफडं. नवरा सारवासारव करतो, बायको त्याला फैलावर घेते. मराठीतला 'द्वंद्वगीत' हा शब्द याच गाण्यासाठी केला असावा. १९८३ चं 'नानिवा कोइशिगुरे' ओसाकाच्या एका राकुगो कलावंतावर आहे. हा कलेच्या नावाखाली दारू ढोसणार, बायकोला रडवणार, आणि ती बिचारी तरीही त्याच्या पाठीशी उभी. 'एकच प्याला'तली सिंधू आठवल्याशिवाय राहत नाही. आणि १९८७ चं 'लोन्ली चाप्लिन', जे जोडपी एकमेकांच्या डोळ्यांत बघून गातात. मूळ गाणारे सुझुकी कियोमी आणि सुझुकी मासायुकी हे सख्खे बहीणभाऊ. असो.

काराओकेच्या पडद्यावर पुरुषाच्या ओळी बहुधा निळ्या, बाईच्या गुलाबी आणि दोघांनी मिळून गायच्या तिसऱ्याच रंगात येतात. घरी नवरा-बायकोंनी, मित्रमैत्रिणींनी हे गावं. सूर चुकले तरी फार मजा येते.

आता ऑफिस. नोमिकाई, म्हणजे ऑफिसची पिण्याची बैठक, संपली की निजिकाई, म्हणजे दुसरी फेरी. ती पुष्कळदा काराओकेच्या खोलीत होते. खोली छोटी, दार बंद. बुचो, म्हणजे विभागप्रमुख, मधोमध सोफ्यावर. रिमोटवर कोणीतरी चलाख कनिष्ठ त्यांचं नेहमीचं गाणं लावून ठेवतो. निळ्या ओळींचा माइक बुचोंच्या हातात. गुलाबी ओळींचा कोणाच्या? खोलीतल्या सर्वांत तरुण मुलीच्या. तिला कोणी विचारत नाही. माइक एका हातातून दुसऱ्या हातात असा तिच्यापर्यंत सरकत येतो, आणि सगळे टाळ्या वाजवायला लागलेले असतात. याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही तालात.

एका कंपनीतल्या (नाव कशाला?) माझ्या सहकारी मुलीने सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी सांगितलेलं सांगतो. शुक्रवारी तिला 'गिन्कोइ' गावं लागलं होतं. बुचोंचा हात खांद्यावर, समोर भारतातून आलेले आपलेच दोन पाहुणे मोबाइलवर चित्रण करताहेत आणि 'वन्स मोअर' म्हणताहेत. तक्रार करशील का, असं मी विचारलं. ती म्हणाली, तक्रारीचं नंतर बघू. तिचे आईवडील दर नववर्षाला घरी हे गाणं गातात, आई कायम एक मात्रा उशिरा उचलते, आणि लहानपणापासून ते तिचं आवडतं होतं. आता ते लागलं की तिला तो खांद्यावरचा हातच आठवतो. पुढच्या नववर्षाला घरी काय करायचं, हा तिचा प्रश्न होता.

हे सांगितलं की आपली मंडळी दोन गोष्टी म्हणतात. पहिली: अहो, गाणंच तर आहे! ठीक. मग गुलाबी ओळी तुम्ही गा. बुचोंच्या शेजारी बसून, लाडिक आवाजात, त्यांचा हात तुमच्या खांद्यावर, आणि समोर तुमचं यंदाचं अप्रेझल लिहिणारी सगळी मंडळी. गंमत वाटली तर मला कळवा.

दुसरी, आणि ही जास्त चीड आणणारी: त्यांची संस्कृतीच आहे ती, आपण कोण बोलणार? उचलली जीभ लावली टाळ्याला. जपानच्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी लैंगिक छळाबद्दलचा नियम १९९८ साली आला आणि एप्रिल १९९९ पासून लागू झाला. तो राबवण्याच्या सूचनांमध्ये काय काय छळ समजावा याची उदाहरणं दिलेली आहेत, आणि त्यांत 'काराओकेत युगलगीत गाण्याची सक्ती करणे' असं चक्क लिहिलंय. साहेबांशेजारी बसायला लावणं आणि दारू ओतायला लावणं त्याच यादीत शेजारी आहेत. म्हणजे हे आपल्या मुलींना खुपतंय हे जपान्यांनी स्वतः ओळखून सरकारी कागदावर उतरवलंय. 'सेकुहारा' हा सेक्शुअल हॅरॅसमेंटचा जपानी अवतार तर १९८९ सालीच तिथल्या नवशब्दांच्या पुरस्कारात सुवर्णमानकरी ठरला होता. २०१९ साली वरिष्ठांच्या दंडेलीविरुद्ध कायदा झाला, तो २०२० पासून मोठ्या कंपन्यांना आणि २०२२ पासून लहान कंपन्यांनाही लागू आहे. आणि आपण पुण्याच्या वर्गात पोरांना शिकवतोय काय? तर युगलगीत पाठ करा!

संस्कृतीच बघायची तर गाण्याचे शब्द तरी बघा. १९८२ साली इत्सुकी हिरोशी आणि किनोमी नाना यांनी गायलेलं 'इझाकाया' हे अशा बैठकांतलं हुकमी गाणं. प्रसंग असा, की एका दारूच्या गुत्त्यात अनोळखी बाईशेजारी एक माणूस बसलाय. तो तिला पेय देऊ करतो, पण कसं? तुमची हरकत नसेल तर, अशा सुरात. नावगाव विचारण्याचा आगाऊपणाही करत नाही. ती मजेत, स्वतःला काय हवं ते सांगून पेय घेते. गाण्यातल्या त्या परक्या माणसाला जेवढी रीत कळते, तेवढी ते गाणं रोज गाणाऱ्या बुचोला कळत नाही!

नवीन पिढीने यावर आपला तोडगा काढलाय. त्याला म्हणतात 'हितोकारा', एकट्याने जाऊन गायचं. २०११ साली टोकियोत खास एकट्यांसाठीच्या खोल्यांचं दुकान निघालं, कान्दा स्टेशनजवळ. (हो, कान्दा. आमचे सगळे विनोद करून झालेत.) लोक याला एकलकोंडेपणा म्हणतात. मला वाटतं, त्यातल्या काहीजणी तरी फक्त आपलं आवडतं गाणं परत आपलं करून घेत असतील.

तर यादी वर दिलीच आहे. बायको किंवा नवरा बरोबर असेल तर 'गिन्कोइ'ने सुरुवात करा, चाल सोपी आहे. भांडण झालेलं असेल तर 'सान्नेन्मे नो उवाकी'. ऑफिसबरोबर गेलात तर एकट्याने किशोरकुमार गा. जपान्यांना शब्द कळत नाहीत, यॉडलिंग कळतं. आणि पाठच करायचं असेल तर रिमोटवरचं 'एन्सो तेइशी' हे बटण कसं दिसतं ते पाठ करा. ते दाबलं की चालू गाणं जागच्या जागी बंद पडतं. रिमोटजवळची जागा पाहुण्याला सहज मिळते, आणि पाहुण्याच्या हातून चुकून काही दाबलं गेलं तर बुचोसान रागावत नाहीत. "सुमिमासेन" म्हणायचं आणि पुढचं गाणं लावायचं.