गल्ला कोणाचा?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात लेव्हनवर्थ हे डोंगरी गाव आहे. १९२०च्या दशकात रेल्वे दुसरीकडे वळली, लाकडाची गिरणी बंद पडली. १९६०च्या दशकात दुकानदारांनी पदरचा पैसा घालून दुकानांना जर्मनीतल्या बव्हेरियाचे रूप दिले. नक्कल खरी; पण निर्णय गावाचा, गल्लाही गावाचा. गाव तगले.

आपल्या मुळशीच्या डोंगरात इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर लवासा उभे राहिले. ठरवले कंपनीने, जमिनी गेल्या शेतकऱ्यांच्या. २०१० मध्ये केंद्राने काम थांबवले. २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

छप्पर देशी की विलायती, हा वाद फुकाचा. शेतकरी भावांनो, पर्यटनाच्या नावाने कोणी जमीन मागायला आला, तर आधी विचारा : ठरवणार कोण आणि गल्ला कोणाचा?