सदाचाराला देवाचा जामीन लागतो का?

“देवाधर्माचं काही मानत नाही, त्याचा भरवसा काय धरायचा?” सोयरीक जुळवताना आपल्याकडे हा प्रश्न उघड विचारला जातो, उधारउसनवारीच्या वेळी तो मनात येतो आणि निवडणुकीच्या प्रचारात तर तो आरोप होऊनच येतो. त्यामागचा समज जुना आहे आणि विचारी माणसांनीही तो बाळगला आहे. म्हणून खंडनाआधी तो पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. पूर्वपक्ष असा: चांगले काय आणि वाईट काय हे माणसाला धर्माने शिकवले; मोहाच्या क्षणी त्याला आवरतो तो ईश्वराचा धाक; आणि ईश्वरच नसेल तर चांगल्या-वाईटाला माणसाच्या लहरीपलीकडे आधार उरत नाही. म्हणजे नीतीचे ज्ञान, नीतीची प्रेरणा आणि नीतीचा पाया या तिन्ही गोष्टी श्रद्धेकडून येतात, असा हा दावा आहे. तो तिन्ही ठिकाणी टिकत नाही. सदाचारी जगायला धर्मश्रद्धा आवश्यक नाही. इतकेच नव्हे, तर श्रद्धावंत माणूस सदाचाराने वागतो तेव्हा तोही ज्या शिदोरीवर वागतो ती श्रद्धेच्या आधीची असते.

हा दावा केवळ चावडीवरचा नाही. सहिष्णुतेचा पुरस्कार करणाऱ्या इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहिष्णुतेविषयीच्या आपल्या पत्रात निरीश्वरवाद्यांना मात्र सवलत नाकारली, कारण वचन, करार आणि शपथ यांचे बंधन त्यांना वाटणार नाही अशी त्याची खात्री होती. त्याच काळात फ्रेंच विचारवंत पिएर बेल मात्र निरीश्वरवाद्यांचा समाजही नीतीने नांदू शकेल असे म्हणत होता. या वादाचा निकाल अखेर व्यवहारात लागला. चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड निरीश्वरवादी १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनहून ब्रिटिश संसदेवर निवडून आला, पण शपथेच्या प्रश्नावरून त्याच्या आसनाचा वाद सहा वर्षे चालला. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. १८८६ मध्ये त्याला प्रवेश मिळाला आणि १८८८ मध्ये ईश्वराचे नाव न घेता वचन देण्याची मुभा देणारा कायदा झाला. ब्रिटनने ती मुभा आजतागायत मागे घेतलेली नाही. आपल्या राज्यघटनेनेही मंत्र्यापासून न्यायाधीशापर्यंत प्रत्येकाला हाच पर्याय ठेवला आहे: ईश्वरसाक्ष शपथ घ्या किंवा ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक वचन द्या. १९६९ च्या शपथ कायद्याने न्यायालयातल्या साक्षीदारालाही तो दिला आहे. दोन्ही वचनांचे वजन कायद्याच्या तराजूत सारखेच आहे. लॉकला वाटलेली भीती खरी असती, तर ही व्यवस्था केव्हाच मोडून पडली असती.

आता पहिला मुद्दा, नीतीच्या ज्ञानाचा. धर्मामुळे बरे-वाईट कळते असे म्हणणाऱ्याने महाड आणि पंढरपूर ही दोन गावे शेजारी ठेवून पाहावीत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ मध्ये केला आणि महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसह हजारो अस्पृश्यांनी तिथे पाणी प्यायल्यावर गावातले सवर्ण त्यांच्यावर लाठ्याकाठ्या घेऊन धावून गेले. त्यानंतर तळ्याची शुद्धी झाली. पाण्याच्या घागरी उपसल्या गेल्या, शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांचे मिश्रण मंत्रोच्चारात तळ्यात ओतले गेले आणि पाणी पुन्हा पिण्यायोग्य झाल्याचे जाहीर झाले. त्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता. माणसाच्या ओंजळीने ते बाटले होते. हे करणारे ढोंगी होते असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. त्यांतले बहुतेक मनापासून श्रद्धावंत होते, आणि जे केले ते त्यांनी श्रद्धेपोटीच केले. पंढरपुरातही वेगळे घडले नाही. चोखामेळ्याच्या जातभाईंना विठ्ठलाचे दार शतकानुशतके बंद होते, म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून दहा दिवस प्राणांतिक उपोषण करावे लागले. गुरुजी भाविक होते, आणि दार बंद ठेवणारेही भाविकच होते. विठ्ठल एक, एकादशी एक, अभंग तेच. तरी एक बाजू माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवत होती आणि दुसरी त्याच्यासाठी प्राण पणाला लावत होती. श्रद्धा दोन्हीकडे होती, तेव्हा फरक श्रद्धेने पडलेला नाही. तो पडला दुसऱ्याच्या अपमानाची कळ स्वतःला लागण्याने.

यावर उत्तर मिळते, की महाडला जे झाले तो धर्माचा विपर्यास होता आणि गुरुजींनी केला तो खरा धर्म. हे उत्तर मला मान्य आहे, पण देणाऱ्याने त्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. धर्मातले खरे कोणते आणि विपर्यास कोणता, हे तुम्ही कोणत्या कसोटीवर ठरवलेत? ग्रंथ म्हणाल, तर अस्पृश्यतेचे समर्थकही ग्रंथच उघडून बसत होते. परंपरा म्हणाल, तर तीही त्यांच्याच बाजूला होती. ग्रंथातले एक वचन उचलून दुसरे बाजूला सारणारा जो निवाडा तुमच्या मनाने केला, त्याची कसोटी ग्रंथाबाहेरची आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने ‘युथिफ्रो’ या संवादात हाच पेच मांडला: देवांना आवडते म्हणून एखादे कृत्य पवित्र ठरते, की ते पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? पहिला पर्याय घेतला तर देवाने क्रौर्य सांगितल्यावर क्रौर्यही पुण्य होते, आणि हे कोणताही सहृदय भक्त मान्य करणार नाही. दुसरा घेतला तर चांगुलपणा देवाच्या आज्ञेवर अवलंबून राहत नाही. देव दयाळू आहे असे भक्त म्हणतो, तेव्हा दया चांगली असते हे त्याला आधीच ठाऊक असते.

दुसरा मुद्दा प्रेरणेचा, म्हणजे धाकाचा. वर बसून कुणीतरी पाहत आहे या भावनेने माणूस जपून वागतो, असे सांगितले जाते. आपल्या देशात ही भावना कमी आहे असे कुणी म्हणणार नाही. २०११ च्या जनगणनेत धर्म न नोंदवणारे पाव टक्काही नव्हते. पण ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या भ्रष्टाचारविषयक निर्देशांकात १८० देशांत भारत ९६ व्या क्रमांकावर होता, आणि धर्माचरण दैनंदिन जीवनातून बरेच ओसरलेला डेन्मार्क पहिल्या. यावरून निरीश्वरवाद माणसाला प्रामाणिक करतो असे सिद्ध होत नाही. गरिबी, शिक्षण, न्यायसंस्था अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली आहेत. पण श्रद्धा ओसरली की नीती कोसळते हे भाकीत खोटे ठरायला एवढा पुरावा पुरेसा आहे. आणि जेथे लाच घेणारा त्याच पैशातून देवाला मुकुट चढवतो, तेथे धाकाची जागा देवघेवीने घेतलेली असते. पाहणारा नवसाने प्रसन्न होतो असे एकदा मानले, की त्याचा धाक उरत नाही.

श्रद्धा आणि वागणे यांच्यातले अंतर एका प्रयोगात फार जवळून दिसले. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षणसंस्थेतले चाळीस विद्यार्थी त्यात होते. प्रत्येकाला शेजारच्या इमारतीत जाऊन छोटे भाषण करायचे होते. काहींचा विषय होता वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या भल्या शोमरोन्याची बायबलमधली गोष्ट, तर इतरांचा पदवीनंतरच्या नोकऱ्या. वाटेतल्या बोळात एक माणूस दारापाशी मान टाकून बसवला होता. विद्यार्थी जवळून जाताना तो खोकायचा आणि कण्हायचा. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी दहा टक्के थांबले, ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी त्रेसष्ट टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणावा असा फरक पडला नाही, आणि कोण थांबेल याचा अंदाज कुणाच्या धार्मिकतेच्या प्रकारावरूनही बांधता आला नाही. परोपकाराची गोष्ट सांगायला निघालेले काहीजण कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून गेले. ती मुले दुष्ट नव्हती. चांगले वागणे परिस्थितीवर, सवयीवर आणि दुसऱ्याकडे लक्ष देण्यावर अवलंबून असते. ते काम नुसती श्रद्धा करत नाही.

येथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. महाराष्ट्रात माणुसकी शिकवली ती संतांनी. जोतीराव फुले निर्मिक मानत होते, न्यायमूर्ती रानडे प्रार्थनासमाजाचे, साने गुरुजी तर भक्तच. हे सारे खरे आहे, आणि श्रद्धेने असंख्य माणसांना बळ दिले हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण बळ मिळू शकते हे एक विधान आणि श्रद्धेवाचून चांगले जगताच येत नाही हे दुसरे. दुसरे विधान खोटे ठरवायला मोजकी माणसे पुरतात, आणि ती याच भूमीत आहेत. गोपाळ गणेश आगरकरांना पारलौकिकाचा आधार नव्हता. तरी मोठ्या पगाराची वाट सोडून त्यांनी शिक्षणाला आयुष्य वाहिले, ‘सुधारक’ चालवला आणि जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. रघुनाथ धोंडो कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गमवावी लागली. तरी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. बाळंतपणांनी खंगलेल्या बायकांसाठी हा माणूस झिजला, आणि त्याबदल्यात त्याला ना स्वर्ग हवा होता ना पुढचा जन्म. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धानिर्मूलनाचे काम दशकानुदशके शांतपणे केले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यासाठी प्राण दिले. यांना अनीतिमान ठरवणाऱ्याने आपली नीतीची कल्पनाच तपासून पाहावी.

याच्या उलट बाजूने स्टालिनचे नाव घेतले जाते: देव नाकारणाऱ्या राजवटीने लक्षावधींचे बळी घेतले, त्याचे काय? निरीश्वरवाद सदाचाराची हमी देतो, असे मी कोठेही म्हटलेले नाही. श्रद्धेची पाटी सज्जनपणाचा दाखला देत नाही, तशीच अश्रद्धेचीही देत नाही. सोव्हिएत सत्तेत पक्षाला प्रश्न विचारायची सोय नव्हती आणि उद्याच्या स्वप्नापुढे आजच्या माणसाच्या वेदनेला किंमत नव्हती. जाब न देणारी सत्ता आणि माणसाहून मोठे ठरवलेले ध्येय एकत्र आले की देवाच्या नावानेही तेच घडते. त्यावरचा उपाय आणखी एक अढळ श्रद्धा हा नाही. सत्तेला जाब विचारण्याची सोय हा आहे.

राहिला पायाचा मुद्दा. तुम्ही धर्माने साठवलेल्या पुंजीवर जगता आणि धर्मालाच नाकारता, असे निरीश्वरवाद्याला सुनावले जाते. पण ती पुंजी धर्मांच्याही आधीची आहे. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स डी वाल यांनी २००३ मध्ये कपुचिन माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. माकडिणीने खडा परत दिला की तिला काकडीची फोड मिळे आणि ती आनंदाने खाई. त्याच कामाला शेजारणीला द्राक्ष मिळताना दिसू लागले, तेव्हा अनेकींनी काकडी नाकारली किंवा खडाच देईनासे केले. ही काही न्यायाची संकल्पना नव्हे, आणि अशा प्रयोगांच्या अर्थावर पुढे वादही झाले. तरी गटाने जगणाऱ्या प्राण्यांत परस्परांच्या वाट्याचे भान, पिलांची माया आणि सोबत्याच्या दुःखाची जाणीव आढळते, आणि नीतीचा कच्चा माल तोच आहे. शिवाय जगाचा कर्ता आणि शास्ता न मानणाऱ्या नैतिक परंपरा आपल्याकडे अडीच हजार वर्षे नांदत आहेत. जैनांची अहिंसा सृष्टिकर्त्याच्या आज्ञेवर उभी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांना बौद्ध धर्माची दीक्षा देताना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही ही प्रतिज्ञा प्रारंभीच येते; आणि चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, प्राणिमात्रांवर दया करीन याही प्रतिज्ञा त्याच ओळीत आहेत. त्याही धर्मात श्रद्धा आणि विधी आहेतच, पण वरून पाहणाऱ्या शास्त्याशिवाय नीती उभी राहत नाही हे म्हणणे एवढ्यानेच निकालात निघते.

मग नीती उभी आहे कशावर? दुसऱ्यालाही माझ्यासारखेच दुखते, ही पहिली जाणीव. माझ्या वागण्याचे कारण त्या दुसऱ्यापुढे, त्याला पटेल अशा भाषेत मला मांडता आले पाहिजे, ही दुसरी अट. आणि चूक दिसली की नियम बदलण्याची तयारी, ही तिसरी. सतीची चाल १८२९ मध्ये कायद्याने बंद झाली, संमतिवय १८९१ मध्ये दहावरून बारा झाले, सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला. या प्रत्येक वेळी धर्माच्या, परंपरेच्या किंवा जातीच्या नावाने विरोध होता. सुधारणेच्या बाजूला भाविकही होते आणि अभाविकही, आणि दोघांना एकत्र आणणारी गोष्ट एकच होती: पुढ्यातल्या जिवंत माणसाचे दुःख. हा पाया माणसाच्या लहरीवर सोडलेला नाही, कारण लहर कुणाला कारणे देत बसत नाही. नीतीला ती द्यावी लागतात.

म्हणून घराघरांतल्या वडीलधाऱ्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे. मूल खोटे बोलले तर ‘देव शिक्षा करील’ असे सांगून मोकळे होऊ नका. त्या खोट्याने कुणाचे काय बिघडले ते त्याला दाखवा. ज्या दिवशी त्याचा देवावरचा विश्वास उडेल, त्या दिवशी त्याचा खरेपणाही उडू नये, ही जबाबदारी आपली आहे. श्रद्धा ज्याची त्याने जरूर जपावी. मात्र माणसाची पारख करताना तो कोणापुढे हात जोडतो हे विचारू नका. त्याच्या हातून दुर्बळाला काय मिळते, तेवढे पाहा.