‘आ करा’ म्हणण्याआधी

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत गिऱ्हाईक पाव किलो वांगी घेताना चार प्रश्न विचारते. गाळ्यावरची बाई उत्तरे देते, कधी फणकाऱ्याने का होईना. हेच गिऱ्हाईक पिशवी सांभाळत जवळच्या दाताच्या दवाखान्यात शिरले की मुके होते. डॉक्टर म्हणतात, ‘आ करा’, आणि संभाषण तिथेच संपते.

दातांच्या उपचारात रुग्णाला मध्येच बोलता येत नाही. तोंडात कापूस, लाळ ओढणारी नळी, डोळ्यांवर दिवा! म्हणून जे सांगायचे ते आधी सांगावे. सुई टोचेल, मग ओठ जड होईल. दाढ काढताना दाब जाणवेल, पण कळ येता कामा नये. आलीच तर डावा हात वर करा, मी थांबेन. याला अर्धे मिनिट पुरते. आणि हात वर झाला की खरोखरच थांबावे. ‘थोडंच राहिलंय’ म्हणत रेटणाऱ्या डॉक्टरकडे रुग्ण सहसा पुन्हा फिरकत नाही.

माझीच एक चूक सांगतो. भाजी विकणाऱ्या एका मावशींना मी विचारले, ‘तंबाखू खाता का?’ त्या ठामपणे ‘नाही’ म्हणाल्या. पुढे गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, तेव्हा उलगडा झाला. मावशी वर्षानुवर्षे मिश्री लावत होत्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. पण त्यांच्या लेखी ते दात घासणे. त्या खोटे बोलल्या नव्हत्या, माझा प्रश्नच चुकला होता. अशा चट्ट्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो. तेव्हा मी रागावलो असतो तर मावशी गेल्या असत्या आणि चट्टा तसाच राहिला असता. आता मी ‘दात कशाने घासता?’ असेच विचारतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे, मधुमेहाचेही तसेच. दाताशी त्याचा काय संबंध, असे वाटून लोक सांगत नाहीत. वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीतीही हसण्यावारी नेऊ नये. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी, हे आरशात बोट ठेवून दाखवावे.

पैशांचे आधीच बोलावे. रूट कॅनॉल झाल्यावर ‘आता कॅपचे वेगळे’ ऐकले की माणूस बिथरतो, आणि त्यात त्याचे काय चुकले? पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात 2008 साली स्पष्ट केले. फॉर्मवर सही घेऊन हे भागत नाही.

दाढ काढल्यावर मी सूचना देतो: कापूस अर्धा तास दाबून धरा, आज चूळ भरू नका, थुंकू नका, मिश्री लावू नका. मग विचारतो, ‘घरी सुनेला काय सांगाल?’ मावशी म्हणाल्या, ‘उद्यापर्यंत कापूस तोंडात ठेवायचा.’ मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले.