चार पाहुणे, 30 रात्री
अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहतं घर पर्यटकांना द्यायचं तर परवाना हवा; एका वेळी चारच पाहुणे आणि वर्षाला फार तर 30 रात्री. न्यूयॉर्कने 2023 पासून आणखी आवळलं: 30 दिवसांहून कमी मुक्कामाला दोनच पाहुणे, यजमान घरातच, आतल्या खोल्यांना कुलूप नाही. ‘घर माझं, कोणाला ठेवायचं ते मी ठरवणार’ हा आक्षेप कर्जाचे हप्ते फेडणाऱ्याच्या तोंडी रास्तच वाटतो. पण निवासी भागातलं बांधकाम कुटुंबाच्या हिशेबाने मंजूर होतं. पाणी, सांडपाणी, अरुंद जिना, सगळं त्याच मापाचं. दोन खोल्यांत बारा जण उतरले, की मध्यरात्री जिन्यावर चाकांच्या बॅगा खडखडतात आणि झोप मोडते शेजाऱ्याची. सरसकट बंदीपेक्षा ही मर्यादा मला न्याय्य वाटते: घरमालकाला चार पैसे मिळतात, आणि घर वर्षभर पर्यटकांसाठीच अडवून ठेवणं परवडत नाही.